आयातीमुळे काम गेलं तर सरकार काय देतं? आधी राजीनामा देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला. ताई 11 वर्षं गोव्यातल्या कुंडईच्या एका गारमेंट युनिटमध्ये ओव्हरलॉक शिलाई मशीनवर आहे, मालक म्हणतो बांगलादेशच्या मालापुढे टिकाव लागत नाही, महिनाअखेर बंद करणार, आणि सोमवारी सगळ्यांच्या सह्या घेणार. अमेरिकेत अशा कामगारांना सरकार सांभाळतं, मग आपल्याकडे काय?

अमेरिकेची गोष्ट खरी होती. 1962 च्या कायद्यापासून तिथे अशी योजना होती. तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा, काम आयातीमुळे गेलं हे सरकारने तपासायचं, मग प्रशिक्षण आणि बेकारभत्ता संपल्यावरही आठवड्याचे पैसे. 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज घेणं तिथेही बंद आहे.

आपल्याकडे गिरणी कामगारांसाठी 1986 पासून पुनर्वसन निधी होता. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. पण तो बंद पडलेल्या मोठ्या गिरण्यांसाठी, आपल्या वसाहतीतल्या चाळीस मशीनच्या शेडसाठी नव्हेच. 2017 मध्ये तोही ईएसआयच्या, म्हणजे पगारातून वर्गणी कापली जाते त्या कामगार विम्याच्या, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मिसळला. आयातीला आवर घालायला सरकार काहीच करत नाही असं नाही. मे 2025 मध्ये बांगलादेशच्या तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद केले, माल फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून आणा म्हणून सांगितलं. पण ती मदत कारखानदाराला. त्यातलं मशीनवरच्या बाईपर्यंत काही झिरपत नाही.

म्हणून आयात हा शब्दच सोडून द्या. काम का गेलं हे इथे कोणी विचारत नाही, कागदावर कसं गेलं ते विचारतात. छाटणी, युनिट बंद, की राजीनामा? सगळं तिथेच अडतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2009 मध्ये मी एका युनिटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या कचेरीत, होतो. बंद करायच्या आठवड्यात साहेबांनी 34 पत्रं टाइप करायला लावली. मजकूर एकच, इंग्रजीत: घरगुती कारणास्तव नोकरी सोडत आहे. ती मीच टाइप केली. बायका एकेक करून टेबलाशी आल्या, बोटांना दोऱ्याचे तंतू चिकटलेले, आणि मी दाखवीन तिथे सही करून गेल्या. पगाराचं पाकीट सहीनंतर मिळणार होतं ना! पुढे बेकारभत्त्यासाठी गेल्या तेव्हा तो कागद आडवा आला. कामगार अधिकाऱ्याने गठ्ठा चाळून विचारलं, एकाच दिवशी 34 घरांत असं काय घडलं? काहींना दीड वर्षाने तडजोडीत थोडे पैसे मिळाले, बाकीच्या तोवर दोडामार्ग, सावंतवाडीकडे परतल्या होत्या.

तेव्हा सोमवारी ताईने पगार घेतल्याची सही खुशाल करावी, पण 'राजीनामा' किंवा 'माझं काही येणं नाही' असं लिहिलेल्या कागदावर नाही. युनिट बंद होत असल्याचं पत्र लेखी मागावं. देत नसतील तर सगळ्यांनी मिळून पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एकटीने जाऊ नये. एकटी गेली की 'बघू' म्हणतात.

आता पैशाचं. ईएसआय कापला जात असेल तर राजीव गांधी योजनेत युनिट बंद पडल्यावर किंवा छाटणी झाल्यावर जास्तीत जास्त 24 महिने भत्ता मिळतो: पहिल्या वर्षी सरासरी मजुरीच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. किमान दोन वर्षांची वर्गणी हवी. त्या काळात मडगावचं ईएसआय इस्पितळ आणि दवाखाने घरच्यांसकट चालू राहतात, आणि माझ्या मते घरात म्हातारी माणसं असतील तर भत्त्यापेक्षा हेच मोठं. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, आयुष्यात एकदाच 90 दिवस, निम्मी मजुरी. 14,000 पगारावर ढोबळमानाने 21,000 रुपये. हा अर्ज मालकाच्या सहीशिवाय स्वतःच ऑनलाइन करता येतो. मात्र ती मुदतवाढीवर चालते, अर्जाआधी सध्याची तारीख आणि अटी ईएसआयच्या काउंटरवर विचारून घ्या.

मालकाचं देणं वेगळं. प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई, शिवाय ग्रॅच्युइटी. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 14,000 असेल तर 11 वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण 88,800 होते. लोक या दोन्ही रकमा एकच समजतात आणि मालकही तसंच समजू देतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगाराला आणखी 15 दिवसांचा शेवटचा पगार नवीन काम शिकण्यासाठी मिळायचा आहे, 45 दिवसांत, खात्यावर. पण राजीनाम्याला छाटणी म्हणत नाहीत.

पीएफची घाई करू नका. ताईची 10 वर्षं भरली आहेत, म्हणजे 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे. एजंट 'सगळं काढून देतो' म्हणेल, पेन्शनच्या भागाला त्याला हात लावू देऊ नका.

ठेकेदारामार्फत कामाला असेल तर पगारपत्रकावर मालक म्हणून नाव कुणाचं, हे आजच बघा. आणि शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत मागतील. द्यायला हरकत नाही, पण आधी त्याच्या दोन्ही बाजूंचा आणि हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.