डेडवूडच्या हॉटेलविषयी, तुझ्या प्रबंधासाठी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलं. बुलक हॉटेलवर लिहायला घेतलंस आणि सुरुवात केलीस ते बांधणाऱ्या सेथ बुलकच्या भुतापासून. अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या डेडवूड गावाला जाऊन आलेला प्रत्येकजण ती गोष्ट ऐकूनच परततो, तेव्हा तुलाही मोह झाला हे समजतं. तरी ती चार पानं काढ. २ ऑगस्ट १८७६ रोजी तिथे वाइल्ड बिल हिकॉक या नावाजलेल्या बंदूकबाजाचा खून झाला, तोही एका वाक्यात आटप. त्या जागेची खरी गोष्ट दुकानाची आहे.

हिकॉक मारला गेला त्याच सुमारास बुलक आणि त्याचा भागीदार सोल स्टार मोंटानातल्या हेलेनाहून माल भरलेल्या गाड्या घेऊन पोहोचले होते. एक कॅनडात जन्मलेला, दुसरा बव्हेरियात. ओढ्यात सोनं शोधायला हजारो माणसं लोटली होती. या दोघांनी त्यांना अवजारं विकायला तंबू ठोकला. सोनं लागो न लागो, कुदळ प्रत्येकाला घ्यावीच लागते. पुढे बुलक तिथला शेरीफ झाला, स्टार महापौर झाला, ते सगळं या गल्ल्याच्या जोरावर. दुकानात काय माल होता, तो कुठून आणि किती दिवसांनी येत होता, हे शोध. रेल्वे डेडवूडला पोहोचली १८९० च्या अखेरीस. तोवर चौदा वर्षं प्रत्येक खिळा गाडीतून आलेला.

मग आगी. २६ सप्टेंबर १८७९ च्या रात्री एका बेकरीत आग लागली, ती जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिथल्या दारूगोळ्याच्या पिंपांचा स्फोट झाला. अरुंद दरी, लाकडी घरं, वारा. सुमारे तीनशे इमारती गेल्या. त्यानंतर गाव विटा-दगडांत उभं राहू लागलं. स्टार आणि बुलकचं दुकान १८९४ मध्ये पुन्हा जळालं, तेव्हा बुलकने त्याच जागी दुकानाऐवजी हॉटेल बांधायला घेतलं: तीन मजले, साठाहून अधिक खोल्या, वाफेने उबदार राहणारी. हा बदल का, यावर तू एक ओळही लिहिली नाहीस, आणि मला तर सगळा प्रबंध त्या प्रश्नावर उभा राहील असं वाटतं. माझा अंदाज असा, की सुटा गिऱ्हाईक ओसरला होता. खाणी कंपन्यांच्या हाती गेल्या होत्या, आणि रेल्वेतून उतरणाऱ्या माणसाला कुदळ नको होती, खोली हवी होती. अंदाज माझा आहे. तू तो कागदांवर तपासून बघ, खोटा ठरला तर मला आनंदच आहे.

कागद म्हणजे काय, तेही सांगतो. सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे जुने नकाशे आहेत. त्यांत गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकाखाली एक मांड आणि त्या एका कोपऱ्याचा रंग कसा बदलतो ते पाहा. विमावाल्याला दंतकथेशी देणंघेणं नव्हतं. भिंत कशाची एवढंच त्याला हवं होतं.

एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ झालो. ‘लाकोटा’, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, हा शब्द तुझ्या प्रकरणात एकदाच येतो, तोही तळटीपेत. १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने ब्लॅक हिल्स, म्हणजे डेडवूड ज्या डोंगरांत आहे ते, त्यांच्या होत्या. म्हणजे १८७६ मध्ये तंबू ठोकणाऱ्या कोणाचाच त्या जमिनीवर कायदेशीर हक्क नव्हता. सरकारने ती १८७७ मध्ये कायदा करून काढून घेतली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, पण लाकोटांनी ते पैसे आजवर घेतलेले नाहीत, त्यांना जमीन हवी आहे. पायाखालच्या जमिनीचा वाद मिटलेला नसताना हा मजकूर तळटीपेत बसत नाही. तो पहिल्या पानावर घे.

१९८९ नंतरच्या जुगाराचा भाग थोडक्यात केलास ते बरं केलंस. त्या उत्पन्नातून गावाचं जतन झालं, हे मान्य करावंच लागतं, जरी जुन्या दुकानांत जुगाराची यंत्रं बघवत नसली.

पुढच्या वेळी गेलीस की दर्शनी भागाचे फोटो नकोत, ते सगळ्यांकडे आहेत. मागच्या बाजूने फिर, भिंतीत दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ते बघ, पट्टी लावून मोज आणि मोजमापं मला पाठव. रविवारी फोन कर.

तुझा,
सर