कोरांटीला रोजचे पाणी सोसत नाही

प्रश्न : गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मी अंगणात पिवळ्या कोरांटीची दोन रोपे लावली. रोज सायंकाळी झारीने थोडे पाणी आणि दर महिन्याला शेणखत देत आले आहे. एक रोप कमरेइतके वाढले, पण त्याला जेमतेम पाच-सहा फुले आली. दुसऱ्याची पाने पिवळी पडून गळत आहेत. पाणी वाढवावे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : पाणी मुळीच वाढवू नये. कोरांटी ही अडुळशाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे आणि उघड्या माळावर, मुरमाड जमिनीत ती आपली आपण वाढते. पाण्यासाठी मुळांना खाली जावे लागते, म्हणूनच ती खोल जातात. झारीचे थोडेसे पाणी मात्र वरच्या दोन-तीन इंचांतच मुरते, मुळेही तेथेच घुटमळत राहतात आणि मग आठवडाभर खंड पडला तरी असे झाड मान टाकते.

म्हणून लावल्यापासून पहिले वर्षभर, पाऊस नसेल तेव्हा, आठ-दहा दिवसांतून एकदाच पण भरपूर पाणी द्यावे. ते बुंध्याभोवती सावकाश सोडावे, म्हणजे माती वीतभर खोल भिजते. कमी पाण्यावर जगण्याची ताकद रोपवाटिकेतून आणलेल्या रोपात नसते, मुळे पसरल्यावर ती येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि कोवळी रोपे पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जातात. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला केवळ कडक उन्हाळ्यात, तेही सकाळच्या वेळी पाने मलूल दिसली तरच पाणी द्यावे. दुपारी मलूल झालेली पाने सायंकाळी पुन्हा सावरत असतील, तर ती तहान समजू नये. कुंडीतल्या झाडाला मात्र मुळे खोल नेण्यास जागाच नसल्यामुळे हा हिशेब लागू होत नाही. तेथे दोन इंच खोल बोट घालून माती कोरडी लागेल तेव्हा पाणी द्यावे.

पिवळ्या पडलेल्या रोपाची माती आधी तपासावी. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे पाण्यात उभे असलेले झाडही तहानलेले दिसते. बाजूची थोडी माती हलकेच उकरावी. मुळे पांढरट आणि टणक असतील तर पाणी थांबवल्यावर झाड सावरेल. ती तपकिरी, मऊ आणि दुर्गंधी येणारी असतील, तर निरोगी फांद्यांची चार-सहा बोटे लांबीची छाटे वाळूमिश्रित मातीत आजच लावून ठेवावीत आणि पुढची लागवड मुरूम मिसळलेल्या, थोड्या उंच वाफ्यावर करावी.

फुले कमी येण्याचे कारण बहुधा खतात आहे. नत्र वाढले की पाने आणि फांद्या फोफावतात, कळ्या मागे पडतात. यापुढे खत वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर ओंजळभर दिले तरी पुरे. दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन मिळते का, तेही पाहावे. फुले फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, त्यामुळे बहर संपल्यावर झाड एक-तृतीयांश छाटले की नव्या फांद्या फुटतात आणि फुलांच्या जागा वाढतात. ऐन पावसाळ्याच्या उत्तरार्धात छाटले, तर येऊ घातलेल्या कळ्याच कापल्या जातात.

पाने कुरतडलेली दिसली तरी कीटकनाशक फवारू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लेमन पॅन्सी या फुलपाखराच्या अळ्या कोरांटीवर्गातील झुडपांवर वाढतात आणि चांगले रुजलेले झाड तेवढी पाने गमावूनही पुन्हा फुटते. पानांच्या बगलेत तीक्ष्ण काटे असतात; म्हणून नवी छाटे पायवाटेपासून दोन-तीन फूट आत लावावीत.