‘माझाच वर्ग बोडका दिसतो’

नाशिकच्या पंचवटीकडच्या एका खासगी अनुदानित शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाई ऑगस्टमध्ये माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या ‘झोप लागत नाही’ म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहाएक मिनिटांत खरं दुखणं बाहेर आलं. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणाच्या तरी सजलेल्या वर्गाचे फोटो पडायचे आणि रात्री अकरापर्यंत त्या ते मोठे करून करून बघायच्या. जूनमध्ये पगारातले ४,८०० रुपये घालून त्यांनी झालरी, फुगे, रंगीत चार्ट आणि थर्माकोलची अक्षरं लावली होती. थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेही सगळं चिकटवून झाल्यावर. उरलेलं जुलैच्या पावसाने उतरवलं. चुन्याच्या भिंतीला ओल आली की सेलोटेप कागदाला धरून राहते आणि भिंतीचा पोपडा घेऊनच खाली येते.

“मॅडम, अजून पैसे घालायची ऐपत नाही. घरी रोज बोलणी खाते. पण माझ्या बोडक्या वर्गामुळे पोरांचं नुकसान होत असेल तर?”

प्राथमिकच्या शिक्षिकांकडून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर.

आधी नुकसानीचं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या २४ मुलांना दोन प्रकारच्या वर्गांत पाठ देऊन पाहिले. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. भिंती चित्रांनी भरलेल्या असताना मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर होतं, भिंती मोकळ्या असताना २८.४ टक्के. चाचणीतली बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. मुलं थोडीच होती आणि एवढ्यावरून भिंती पांढऱ्याफटक ठेवा असं कुणी म्हणू नये. पण भरगच्च भिंत नसली की मूल मागे पडतं, या भीतीला आधार नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांवर बालवाड्या चालवल्या. तिथे झालरी नव्हत्या.

बाईंना आठवड्याचं काम दिलं ते एवढंच: शाळा सुटल्यावर तिसऱ्या ओळीतल्या बसकरपट्टीवर मांडी घालून दहा मिनिटं बसायचं आणि तिथून काय वाचता येतं ते लिहून आणायचं.

यादी चार ओळींची आली. पहिलीतलं मूल साधारण साडेतीन फूट उंच, काही थोडी जास्त. जमिनीवर बसलं की डोळे दोन फुटांच्या आसपास. बाराखडीचा चार्ट साडेसहा फुटांवर, खिडकीशेजारी. त्याच्या प्लॅस्टिकवर उजेड चमकतो आणि अक्षर दिसत नाही. वाचता आली ती फक्त फळ्यावरची तारीख. “म्हणजे हे सगळं मी मोठ्यांसाठीच लावलं होतं की हो,” बाई म्हणाल्या. पुढची तीन सत्रं याच वाक्यावर गेली.

खर्चाची मर्यादा ठरली १,५०० रुपये. नियम दोन: मुलाचा हात पोचेल तिथे पैसा घालायचा, आणि निम्मी भिंत रिकामी ठेवायची.

सगळ्यात उपयोगी ठरला तळफळा. जमिनीपासून अर्धा फूट सोडून वर अडीच फूट उंच आणि दहा फूट लांब पट्टा, म्हणजे पंचवीस चौरस फूट. फळ्याचा काळा रंग दोन हातांना अर्धा लिटर पुरतो. भिंत मात्र आतली निवडायची. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत घेतली तर पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड येतात. काम दिवाळीच्या सुट्टीत ठेवलं, भिंत तोवर वाळते. चुना किंवा साधा डिस्टेंपर खरवडल्याशिवाय वर काळा रंग मारला की तो पापडासारखा सुटतो, कारण खालचा थरच भुकटी असतो. म्हणून आधी पत्र्याने खरवडायचं, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, ओल्या फडक्याने धूळ काढायची, प्रायमरचा एक हात द्यायचा आणि मग रंग. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. एवढं करूनही बाई एक पायरी विसरल्या: दोन-तीन दिवस वाळल्यावर पूर्ण पट्ट्यावर खडू आडवा फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो. नाहीतर पहिलं रेखाटन फळ्यात मुरतं. त्यांच्या तळफळ्यावर आजही एका ट्रॅक्टरचा पुसट आकार आहे.

खोके आणि क्रेट यांची नाशकात ददात नाही. द्राक्षाचे पुठ्ठ्याचे खोके मार्च-एप्रिलमध्ये मागाल तितके मिळतात, पण पावसाळ्यात ते दमट होऊन बसतात, कसर आणि झुरळं होतात, जमिनीला टेकले तर वाळवीही. वह्यांसाठी टोमॅटोचे जुने प्लॅस्टिक क्रेट बरे. नेहमीचा क्रेट ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, २९ खोल असतो. आडवा ठेवून तोंड पुढे केलं आणि त्यावर दुसरा रचला तर उंची ७२ सेंटिमीटर होते, पहिलीच्या मुलाला वरच्या कप्प्यातलं सहज घेता येतं. असे चार क्रेट, म्हणजे दोन जोड्या, भिंतीला टेकवून भोकांतून केबल टायने एकमेकांना बांधायचे. न बांधता रचले तर वरचा क्रेट ओढून कुणाच्या तरी पायावर येतोच. घेताना कोपरे दाबून बघा. चीर गेलेला क्रेट फुकटही नको. पेन्सिली जाळीतून पडतात, म्हणून तळाला जुन्या चटईचा तुकडा घालायचा.

वर्गात ३८ मुलं, चार गट, चार रंग; प्रत्येक गटाला एक कप्पा. कप्प्यावरची नावं सेलोटेपने लावली तर दोन दिवसांत नखाने सोलली जातात. कार्डाला दोन भोकं पाडून सुतळीने बांधलं तर टिकतं. कार्डावर शब्दाबरोबर चित्र हवंच, वाचता न येणाऱ्या मुलालाही वही जागेवर ठेवता आली पाहिजे. वह्या वाटण्यात रोज पंधरा मिनिटं जायची, गटप्रमुख नेमल्यावर चारावर आली.

मुलांची चित्रं लावायला भिंतीला टेप नको म्हणून तार. नायलॉनची दोरी ताण खाऊन लोंबते; कपडे वाळत घालायची प्लॅस्टिक चढवलेली तार घ्यावी, आणि बारा फुटांना फक्त दोन टोकांना खिळे नकोत, दर चार फुटांवर प्लग ठोकून हुक हवा. उंची साडेतीन फूट, चिमटे चाळीस. चित्र दर शनिवारी बदलतं, जुनं घरी जातं. चार्ट राहिले तीनच: बाराखडी, शंभरपर्यंतचे अंक, आजचं काम. अक्षराच्या उंचीचं सूत्र सोपं आहे: दर दहा फुटांना एक इंच अक्षर, म्हणजे वीस फुटांच्या खोलीत दोन इंच. देवनागरीत वेलांटी-उकारासाठी वर-खाली आणखी जागा सोडा, नाहीतर ‘कि’ आणि ‘की’ मागच्या ओळीला सारखेच दिसतात.

पैशाचं बोलणं बाईंना सगळ्यांत जड गेलं. सरकारी शाळांना ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, पट १०१ ते २५० असेल तर वर्षाला ५०,००० पर्यंत, पण त्यातच दुरुस्ती, वीज, स्वच्छता सगळं बसवायचं. त्यांच्या शाळेला तेही नाही. तरी ‘वर्गासाठी मदत करा’ असं मोघम न मागता एका कागदावर वस्तू, संख्या, दुकानाचा भाव लिहून मुख्याध्यापकांना द्यावं असं ठरलं. रंग आणि प्रायमर शाळेने घेतला. क्रेट एका पालकाने दिले. स्वतःच्या खिशातून महिन्याला ३०० रुपये ही हद्द त्यांनी घरच्या कॅलेंडरवर लिहिली आणि ग्रुप दिवाळीपर्यंत म्यूट केला. पहिल्या आठवड्यात दोनदा उघडून बघितला, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

शेवटच्या सत्राला हिशेब घेऊन आल्या: एकूण १,६४०, पैकी शाळेचे ९८०. झोप बहुतेक रात्री लागते. फुग्यांचा एक चार्ट मात्र त्यांनी फेकलेला नाही. तो दाराच्या बाहेरच्या बाजूला लावलाय. ग्रुपवर टाकायला फोटो तिथलाच काढतात.