वाचकांचे प्रश्न : केमो घेऊन घरी आल्यावर

या वेळच्या पत्रांत केस आणि उलट्या यांचीच काळजी जास्त दिसली. तापाबद्दल एकच पत्र होतं. खरं तर घाबरायचं असेल तर तापालाच घाबरावं, म्हणून ते पत्र आधी घेतलं आहे.

प्रश्न : वडिलांना केमोचा दुसरा डोस देऊन दहा दिवस झाले होते. संध्याकाळी १०१ ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन आणि तापाची गोळी दिली, रात्रीतून ताप उतरला. संभाजीनगर लांब पडतं म्हणून गेलो नाही. पुढच्या वेळी असंच केलं तर चालेल का?
— माजलगाव, जि. बीड

उत्तर : नाही चालणार. या वेळी निभावलं, एवढंच.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर पडतात. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, हा अशा पेशींचा कारखानाच असतो. तिथे तयार होणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. मगजातली शिल्लक काही दिवस पुरते, मग नवा माल येत नाही. त्यामुळे केमोच्या दुसऱ्या दिवशी माणूस बरा दिसतो आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पेशींचा आकडा तळाला जातो. तुमचा दहावा दिवस नेमका त्यातला.

या दिवसांत जंतू शिरला तर पू होत नाही, सूजही धड येत नाही, कारण पू बनतो तो याच पेशींचा. न्यूमोनिया असूनही खोकला नावापुरता असतो. खूण म्हणून उरतो तो ताप, आणि गोळी देऊन आपण तीच खूण पुसून टाकतो. आत जंतूंचं काम चालू राहतं आणि काही तासांत बीपी कोसळू शकतं.

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. मे महिन्यात पत्र्याखाली बसलेल्याचं अंग तसंही गरम लागतं, त्यामुळे हात लावून अंदाज करू नका. चहा-पाणी घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि जिभेखाली मोजा. तोंड आलेलं असेल तर काखेत मोजा, मात्र तिथला आकडा थोडा कमी येतो हे धरून चाला. गुदद्वारात थर्मामीटर घालू नका, तिथली त्वचा फाटून जंतूंना वाट मिळते. एकदाच १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, की निघायचं. थंडी वाजून अंग थडथडत असेल तर ताप नसला तरी निघायचं. उलटीसाठी डेक्सामेथासोन चालू असेल तर तापही दबलेला असू शकतो.

संभाजीनगरच लागतं असं नाही. पहिलं अँटिबायोटिक शिरेतून, रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात जायला हवं, मग ते कुठे का जाईना. माजलगावहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. निघतानाच केमोच्या डॉक्टरांना कळवा आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं करून द्या. केमोची फाईल सोबत घ्या. दारात पोचताच पहिलं वाक्य ‘ताप आलाय’ हे नको, ‘दहा दिवसांपूर्वी केमो झालीय, ताप आलाय’ हे हवं. नाहीतर साध्या तापाच्या रांगेत बसवतील.

रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशींवर थांबू नका. समजा एकूण १,८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के, तर न्यूट्रोफिल निघाले ३९६. पाचशेच्या खाली म्हणजे धोका मोठा.

कमरेतल्या इंजेक्शनबद्दलही सांगायला हवं. याच दिवसांत रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्सही उतरलेल्या असू शकतात, मग सुईच्या जागी स्नायूत रक्त साकळून गाठ होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही वेदनाशामक औषधंसुद्धा केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

तापाची ही हकीकत पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगाच. ते कदाचित पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम हे इंजेक्शन लिहून देतील. ते केमोनंतर किमान २४ तासांनी सुरू करतात. त्याने कंबर आणि पाठीची हाडं ठणकतात, पण ते मगज कामाला लागल्याचं लक्षण आहे. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. दुकानातून आणताना थेट बर्फावर ठेवू नका, मध्ये कापडाची घडी घाला. गोठलं तर टाकून द्यावं लागतं.

प्रश्न : आईच्या उलट्या गोळ्यांनी थांबल्या, पण चार दिवस पोट साफ नाही. एनिमा द्यावा का?
— जिंतूर, जि. परभणी

उत्तर : एनिमा नको. पेशी कमी असताना आतून खरचटलं तर त्यातून जंतू रक्तात जातात. हा बहुधा ऑन्डान्सेट्रॉनचा प्रताप आहे. ते उलटी थांबवतं आणि आतड्याची चालही मंदावतं. डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध १५ ते ३० मिली रात्री द्या, आणि पुढच्या वेळी चौथ्या दिवसाची वाट न पाहता केमोच्या रात्रीपासूनच सुरू करा. इसबगोल द्यायचं तर पाणी भरपूर प्यायलं पाहिजे, नाहीतर तेच आत घट्ट बसतं. पोट फुगलं, गॅसही सरत नाही, वर उलट्या सुरू झाल्या, तर घरी थांबू नका. केमोत व्हिन्क्रिस्टिन हे औषध चालू असेल तर विशेषच.

प्रश्न : आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्झॅलिप्लॅटिन चालू आहे. माठातलं पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, स्टीलचा तांब्या धरला की बोटांत करंट बसतो. लकवा तर नाही ना?
— औसा, जि. लातूर

उत्तर : लकवा नाही. हे औषध मज्जातंतूंना थंडीच्या बाबतीत हळवं करतं. डोसनंतरचे काही दिवस जोर असतो, मग कमी होतो. घसा आवळल्याचा भास होतो, बहुतेकदा श्वासाची वाट खरी बंद होत नाही. कोमट पाणी घोट-घोट घेतलं की बरं वाटतं. पहिला आठवडा माठ, फ्रीज, बर्फाचा गोळा, एसी गाडीची खिडकीकडची सीट, सगळं टाळा. हिवाळ्यात रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी द्यायला तुम्ही जाऊ नका, दुसऱ्या कुणाला पाठवा.

थंडीचा हा करंट वेगळा आणि दोन डोसांच्या मध्येही न जाणारी बधिरता वेगळी. सदऱ्याचं बटण लागत नाही, सुपातला ज्वारीचा दाणा चिमटीत येत नाही, चालताना चप्पल निसटली तरी पायाला कळत नाही, असं काही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी सांगा. डोस कमी करता येतो किंवा औषध थांबवता येतं. ‘सांगितलं तर केमो बंद करतील’ या भीतीने लोक गप्प बसतात आणि बधिरता कायमची होऊन बसते. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध घेणाऱ्यांनाही बधिरतेचं हेच लागू. तोवर अनवाणी शेतात जाऊ नका आणि चुलीवरचा तवा उघड्या हाताने उचलू नका.

प्रश्न : तोंड इतकं आलंय की भाकरी गिळवत नाही. गुळवेलीचा काढा द्यावा म्हणतात.
— अंबड, जि. जालना

उत्तर : काढा नको. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच निघतात. दोन्हींचा भार एकत्र टाकण्यात शहाणपण नाही.

गुळण्यांसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घाला. दर दोन-तीन तासांनी गुळण्या करा आणि थुंकून टाका. पाणी रोज नवीन करा. बाजारातलं झणझणीत माउथवॉश टाळा, त्यात बहुधा अल्कोहोल असतं. ठेचा, येसर, लिंबू बंद. भाकरी वरणात पूर्ण भिजवून कुस्करून द्या, किंवा ज्वारीची आंबील कोमट करून, तिखट न घालता. पाणीसुद्धा गिळवत नसेल तर सलाईन लागेल, रुग्णालयात न्या.

प्रश्न : लाल रंगाच्या औषधानंतर लघवी लाल झाली. रक्त आहे का? घरात सून गरोदर आहे, कपडे धुवायला चालेल का?
— गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : औषध डॉक्सोरुबिसिन असेल तर तो औषधाचाच रंग आहे, एक-दोन दिवस राहतो. त्यानंतरही लाली राहिली किंवा लघवीला जळजळ झाली तर तपासून घ्या, विशेषतः सोबत सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध असेल तर. सुनेला कपडे धुवायला लावू नका. केमोनंतर ४८ तास लघवी, संडास, उलटी यांतून औषध बाहेर पडत असतं. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून ते कपडे वेगळे, दोनदा धुवावेत. संडासात नेहमीपेक्षा दुप्पट पाणी ओता. टँकरच्या दिवसांतही इथे काटकसर नको, कपडे धुतलेलं दुसरं पाणी त्यासाठी ठेवलं तरी चालेल.