शिम लावायच्या आधी हे बघ

अरे, एक पाय आखूड आहे म्हणून सायकलच्या बुटाखाली लावायची शिम (उंची द्यायची पातळ चकती) लगेच मागवू नकोस. सीटवर एका बाजूला सरकतोस म्हणजे पाय लहान-मोठाच असेल असं नाही, बऱ्याचदा कंबर नाहीतर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) आखडलेली असते आणि पाय नुसता आखूड वाटतो. ऑर्थोकडे जाऊन उभ्याने पूर्ण पायांचा एक्सरे काढ, घरी टेपने मोजलेलं धरू नकोस.

३-४ मिमी फरक असेल तर सोडून दे. ८-१० निघाला तर आखूड पायाच्या क्लीटखाली (क्लीट म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तुकडा) ३ मिमीची एकच शिम टाक, अख्खा फरक भरायला जाऊ नकोस, नवीन लोक इथेच फसतात.

आणि क्लीटचे बोल्ट लांब घे रे! शिम टाकली की जुने जेमतेम दोन आटे पकडतात, पेडर रोडच्या चढावर पेडलवर उभा राहिलास की क्लीट उखडलाच समज.

सीटची उंची त्याच दिवशी बदलू नकोस, मग काय कशामुळे झालं कळत नाही. दोन आठवडे मरीन ड्राइव्हवर सपाट, आरामात चालव. गुडघा दुखला तर शिम काढ.