समुद्राचा नांगर, खानापूरची ओल

प्रश्न : मालवणला रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) आलेला होडीचा चार फाळांचा जुना लोखंडी नांगर विकत आणला. उन्हात वाळवून, तारेच्या ब्रशने घासून वार्निश मारलं. जूनमध्ये वार्निशखालून तांबूस थेंब फुटले, आता पोपडे सुटताहेत. काय करू? – एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : वाळवलात तिथेच चुकलं. लोखंडाच्या भेगांत समुद्राच्या मिठातलं क्लोराइड मुरलेलं असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि आतून गंज चालूच ठेवतं. खानापूरच्या पावसाळ्यात त्याला पाण्याची काय कमी? वार्निशने फक्त तो क्षार आत कोंडला.

थिनरने वार्निश काढा. प्लास्टिकच्या टबात (ॲल्युमिनियमचं भांडं सोडा खातो) दर दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा, खाण्याचा नव्हे. पागोळ्यांचं पाणी उत्तम, नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. नांगर पूर्ण बुडाला पाहिजे. दर तीन आठवड्यांनी पाणी बदला. एवढ्या मोठ्या वस्तूला सहा महिने, कधी वर्षही लागतं.

क्षार संपला का, हे शाळेच्या प्रयोगशाळेत कळेल. टबातल्या थोड्या पाण्यात आधी बुडबुडे थांबेपर्यंत नायट्रिक आम्ल घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्षार बाकी आहे. आम्ल विसरलात तर सोड्यामुळेच साका दिसेल आणि उगाच वर्ष वाया जाईल.

नंतर स्वच्छ पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून सोडा घालवा, नाहीतर पुढचा लेप धरत नाही. नांगर चटकन वाळवा. पाव किलो हिरडा कुटून दोन लिटर पाण्यात उकळा, गाळा, ब्रशने तीन-चार हात द्या. लोखंड निळसर काळं पडलं की जमलं. हिरड्यासाठी तुम्हाला लांब जायला नको! शेवटी नांगर कोमट करून मेण चोळा.

संडास धुण्याचं आम्ल मात्र चुकूनही वापरू नका. तेच मुळी क्लोराइडचं.

प्रश्न : होडीची पितळी कप्पी चिंच-मिठाने घासली, तर गुलाबी डाग पडले. – एक वाचक, निपाणी

उत्तर : आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते तांबं. डाग जाणार नाहीत. मिठाने क्लोराइडची भर पडली, म्हणून पावसाच्या पाण्यात बुडवून आठवड्याला पाणी बदला. हिरवी पूड परत उगवली तर पुन्हा बुडवा.

दोघांनाही : मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे स्वतः बुडी मारून काही उचलू नका. वस्तू शंभर वर्षांहून जुनी वाटली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. घासण्याआधी पुरातत्त्व खात्याला दाखवा, घासल्यावर वय सांगणाऱ्या खुणा राहत नाहीत.