पाच अक्षरी इंग्रजी शब्द : वाचकांच्या शंकांना उत्तरे

अमुक अक्षर असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द अर्थासह द्यावेत, अशी मागणी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून सातत्याने येते. २०२१ मध्ये ‘वर्डल’ हा शब्दखेळ सर्वांसाठी खुला झाल्यापासून तिच्यात खेळणाऱ्यांची भर पडली आहे. गोंधळ बहुतेकांचा सारखाच असल्यामुळे येथे निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (भुसावळ) : ‘एक्स’ने सुरू होणारे पाच अक्षरी शब्द कोणते?

झायलेम म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या वनस्पतीच्या वाहिन्या आणि झेनॉन हा एक वायू. झेरॉक्स हे मुळात व्यापारी नाव आहे, त्यामुळे स्पर्धेत ते चालते की नाही हे आयोजकांना विचारावे.

प्रश्न (धुळे) : शब्दखेळाची सुरुवात कोणत्या शब्दाने करावी?

‘क्रेन’ किंवा ‘स्लेट’ने करावी, कारण दोन्हींत नेहमी लागणारी पाच वेगवेगळी अक्षरे आहेत.

प्रश्न (रावेर) : इंग्रजीत ‘क्यू’नंतर ‘यू’ येतोच, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. हा नियम पक्का आहे का?

नाही. असे संदेश पडताळून न पाहता पुढे पाठवणे आता तरी थांबवावे. निकाब, तलाक आणि फकीर हे अरबीतून इंग्रजीत गेलेले शब्द पाच अक्षरांत आणि ‘क्यू’ वापरून लिहिले जातात, आणि तिन्हींत त्या ‘क्यू’ला ‘यू’ची सोबत नाही. कनात (क्यू-ए-एन-ए-टी) हा चौथा शब्द तर रावेरकरांनी अवश्य लक्षात ठेवावा. डोंगरपायथ्याचे पाणी केवळ उताराच्या जोरावर जमिनीखालून गावापर्यंत आणणारा बोगदा, असा त्याचा अर्थ आहे, आणि फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशाची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरचा मुघलकालीन कुंडी भंडारा याच पद्धतीचा आहे. स्क्रॅबलमध्ये ‘क्यू’ची सोंगटी एकच असते आणि तिला १० गुण असतात, म्हणून हे शब्द कामी येतात, मात्र कोणता कोश प्रमाण धरला आहे, हे खेळण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

प्रश्न (शहादा) : स्वर नसलेला ‘निम्फ’ हा शब्द कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात आहे. शब्दयादीत त्याचा अर्थ ‘अप्सरा’ दिला आहे. खरे काय?

दोन्ही अर्थ खरे आहेत. ग्रीक कथांतील वनदेवता हा जुना अर्थ, तर मावा, तुडतुडे यांसारख्या किडींची पंख पूर्ण न फुटलेली पिल्लावस्था हा कीटकशास्त्रातील अर्थ. अशा शब्दांत ‘वाय’ स्वराचे काम करतो. क्रिप्ट (तळघरातील दफनगृह) आणि ट्रिस्ट (ठरवून केलेली भेट) हेही तसेच. कपाशीवर फवारणी करण्यापूर्वी मात्र शब्दयादीवर विसंबू नये. औषध आणि त्याचे प्रमाण कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवावे.

प्रश्न (पाचोरा) : महिनाभरात हजार शब्द पाठ करून देणारी, मराठी उच्चार छापलेली पुस्तिका क्लासने घ्यायला लावली आहे. तिचा कितपत उपयोग होईल?

पैसे अजून दिले नसतील, तर देऊ नयेत. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून वाण निवडणारा शेतकरी जसा फसतो, तसेच मुखपृष्ठावरचा हजाराचा आकडा पाहून पालक फसतात. पुस्तिका तपासायची असेल, तर ‘ओ-यू-जी-एच’ने संपणारे पाच अक्षरी शब्द उघडून पाहावेत. खडबडीत या अर्थाचा शब्द रफ, चिवट या अर्थाचा टफ, खोकल्याचा कॉफ. पण मळलेल्या पिठाचा डो आणि झाडाच्या मोठ्या फांदीचा बाउ. शेवटची चार अक्षरे तीच असूनही उच्चार चार प्रकारचे होतात. जुन्या इंग्रजीत ‘जी-एच’च्या जागी घशातून काढलेला, आपल्या ‘ख’जवळचा ध्वनी होता, पुढे काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला, काहींत तो लोपला. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना घातल्यानंतर लेखन हळूहळू गोठत गेले आणि उच्चार मात्र बदलत राहिले. हा इतिहास मुलांनी पाठ करावा असे नाही; पण ज्या पुस्तिकेत ‘डफ’ आणि ‘बफ’ असे उच्चार छापलेले दिसतील, ती घरात ठेवू नये, कारण एकदा तोंडात बसलेला चुकीचा उच्चार काढण्यास नवा शब्द शिकण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

दुसरा दोष अर्थांचा आहे. ‘साउंड’समोर ‘आवाज’ एवढेच छापलेले असते, आणि मग साउंड स्लीप म्हणजे गाढ झोप, साउंड अॅडव्हाइस म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला, हे मुलाला उलगडत नाही. ‘क्रेन’ म्हणजे क्रौंच पक्षी आणि ओझे उचलणारी यारीही. शब्द अक्षरे मोजून नव्हे, वाक्यांतून शिकावा; रोज पाच शब्द, प्रत्येकाचे एक वाक्य आणि चांगल्या शब्दकोशाच्या अॅपवर ऐकलेला उच्चार एवढे पुरेसे आहे. यादी वापरायचीच असेल, तर ती शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांकडून आधी तपासून घ्यावी.

प्रश्न (चाळीसगाव) : चौथीतील मुलगा ‘डेअरी’च्या जागी ‘डायरी’ आणि ‘क्वाएट’च्या जागी ‘क्वाइट’ लिहितो. मोठा झाल्यावर सुधारेल, असे सगळे म्हणतात. थांबावे का?

या जोड्यांत अक्षरे तीच असून फक्त क्रम बदलतो, त्यामुळे मोठ्यांचीही गल्लत होते; एवढ्यावरून घाबरू नये. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाची इंग्रजी ही तिसरी भाषा असते, हेही ध्यानात घ्यावे. परंतु मराठी वाचतानाही तो अक्षरे उलटसुलट करत असेल, ओळी गाळत असेल किंवा तोंडी अचूक उत्तर देऊन लिहिताना अडत असेल, तर शेजाऱ्यांच्या भरवशावर एक सत्रही वाया घालवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. अनेक पालक मात्र दहावीचा अर्ज भरण्याच्या वेळी धावपळ सुरू करतात, तोपर्यंत मुलाची शिकण्याची महत्त्वाची वर्षे निघून गेलेली असतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, वर्गशिक्षकांशी बोलावे आणि त्यानंतर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञांकडे न्यावे. जाताना मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही विषयांच्या न दुरुस्त केलेल्या वह्या सोबत ठेवाव्यात, आणि घरी अहिराणी बोलली जात असल्यास ते तपासणाऱ्यांना आधीच सांगावे.